सनबोर्डातला एम-३ ली: १:१६ प्रमाणातल्या रणगाड्याच्या प्रकल्प नोंदी

११ मे २०२५

करायचाय एम-३ ली. अमेरिकन मध्यम रणगाडा, पण मला हवाय तो इंफाळचा. १३ एप्रिल १९४४ रोजी ब्रिटिशांच्या थर्ड कॅराबिनियर्स या रणगाडा रेजिमेंटच्या बी स्क्वॉड्रनने जे ली नुंशिगुमच्या डोंगरावर चढवले त्यांतला एक. चढावर, कमांडर झाकणातून बाहेर.

प्रमाण १:१६. म्हणजे लांबी साधारण ३५२ मिमी, रुंदी १७०, उंची १९५. १:३५ ची तयार किट मिळतात, पण त्या आकारात या रणगाड्याचं बेढब उंचपण नजरेत भरत नाही. खरा ली ३.१२ मीटर उंच होता. लपायला जागाच मिळू नये असा. १:१६ चं परदेशी किट कस्टम धरून खिशाबाहेर जातं. म्हणून सनबोर्ड (पाट्यांना वापरतात तो फोमचा हलका बोर्ड), रेझिन आणि एम-सील.

ज्यांना हाच करायचाय त्यांनी कटर हातात घेण्याआधी एक गोष्ट पक्की करा: ली की ग्रँट. खालचं धूड एकच. उजव्या कुशीत ७५ मिमीची तोफ, वर डावीकडे सरकवलेल्या टरेटमध्ये, म्हणजे फिरत्या बुरुजात, ३७ मिमीची. १९४० साली अमेरिकेकडे ७५ मिमीची तोफ पेलणारं टरेट तयार नव्हतं, घाई होती, म्हणून तोफ धुडात बसवली. फरक टरेटचा. ब्रिटिशांनी स्वतःसाठी मोठं, मागे वायरलेस ठेवायला पोट काढलेलं टरेट बनवून घेतलं, तो ग्रँट. अमेरिकन टरेट आणि त्यावर मशीनगनची घुमटी, तो ली. ब्रह्मदेशाच्या आघाडीवर दोन्ही आले, आणि तिथल्या बऱ्याच लींवरची घुमटी उतरवून साधं झाकण बसवलेलं फोटोंत दिसतं. माझ्या लीवर झाकण असेल. कमांडरला बाहेर काढायचंय, घुमटी आड येईल.

इंजिन रेडियलवालं (सिलिंडर गोलाकार मांडलेलं), मूळ एम-३. डिझेलच्या प्रकारांत मागची बाजू बदलते, त्यात मी पडत नाही.

१८ मे

रेखाचित्र वाढवून ए-३ कागदांवर तुकड्यातुकड्यांत छापून आणलं. दुकानातल्या मशीनवर ‘कागदात बसव’ हा पर्याय चालू राहिलेला. सगळं चार टक्क्यांनी आखडलं. कळलं कधी, तर प्रिंट चिकटवून धुडाच्या दोन्ही बाजू कापून झाल्यावर, तेही चाकामुळे. खऱ्या लीचं चाक २० इंचांचं, म्हणजे इथे ३१.७५ मिमी हवं. कागदावर भरत होतं जेमतेम साडेतीस.

उपाय सोपा आहे. ड्रॉइंगच्या कोपऱ्यात बरोबर १०० मिमीची रेघ मारून ठेवा आणि दुकानातच, पैसे देण्याआधी, तिला पट्टी लावा. वाया गेलं: प्रिंटचे १८० रुपये, सनबोर्डचा एक चांगला तुकडा आणि अख्खा शनिवार-रविवार.

सनबोर्डची पूर्ण शीट घेऊ नका. फ्लेक्स आणि दुकानांच्या पाट्या बनवणाऱ्यांकडे ३ आणि ५ मिमीचे तुकडे पडलेले असतात. मला भलामोठा गठ्ठा ४५० रुपयांत मिळाला.

२५ मे

नगरला कॅव्हलरी टँक म्युझियममध्ये जाऊन आलो. शर्मन बघायचा होता, कारण शर्मनची चाकं, बोग्या आणि पट्ट्यांची सगळी चाल या एम-३ वरूनच आली. फोटोत बोगी म्हणजे काळा गोळा दिसतो. समोर उभं राहिलं की उलगडतं: दोन चाकांच्या दोन दांड्या, त्या दोन्ही वर जाऊन शंकूसारख्या गुंडाळलेल्या स्प्रिंगांवर टेकतात, आणि पुढून सगळ्यावर ओतीव लोखंडाचं घर. एका बाजूला अशा तीन बोग्या.

शर्मन बघून ली करणाऱ्यांनी एक लक्षात ठेवा. पट्टा परत नेणारा छोटा रोलर लीवर बोगीच्या थेट डोक्यावर असतो. शर्मनच्या नंतरच्या बोग्यांत तो मागे काढलेल्या दांडीवर गेला, स्प्रिंगला जागा मोठी मिळावी म्हणून. तो रोलर तसाच उतरवला तर ली जाणकारांच्या नजरेतून सुटणार नाही.

१ जून

खालचं धूड नव्याने कापलं. आत ५ मिमीच्या आडव्या फळ्या, बाहेरून ३ मिमीचं कातडं. गंमत अशी की खऱ्या लीचं पुढचं चिलखत ५१ मिमी जाड, १:१६ ला ३.२ मिमी. म्हणजे सनबोर्डची जाडी जवळजवळ जशीच्या तशी चिलखताची. झाकणं आणि दारं उघडी दाखवली तरी कडा खोट्या वाटणार नाहीत.

फेविक्विक सनबोर्डला क्षणात धरतं, सरकवायला वेळ देत नाही. प्रत्येक सांधा आधी गुण्याला लावून, मास्किंग टेपने बांधून मगच थेंब सोडायचा. पडून राहिलेल्या तुकड्यांना हलका बाक असतो. तो काढायच्या भानगडीत न पडता, आतल्या फळ्यांत दोन तिरक्या पट्ट्या घातल्या की धूड पिळवटत नाही.

१० जून

चाकं. बारा हवीत, सगळी सारखी. एक मास्टर, म्हणजे ज्यावरून सिलिकॉनचा साचा काढायचा तो नमुना, नायलॉनच्या रॉडमधून लेथवर काढून घेतला आणि पाच आरे हाताने कोरले. लेथवाल्या काकांनी एका नगाला हात लावायचे दीडशे घेतले. “बारा आणले असतेस तर नगाला साठ लावले असते,” म्हणाले. आता मागे वळून हिशेब केला तर त्यांचं ऐकायला हवं होतं. सिलिकॉन आणि रेझिन मिळून खर्च त्याहून जास्त झाला. पण बोगीची घरं लेथवर होत नाहीत, साचा तसाही लागणारच होता.

२२ जून

रेझिनने दमवलं. साधं पॉलिएस्टर रेझिन, कोबाल्ट आणि हार्डनर. पहिला घाणा साच्यातून निघाला तो बुडबुड्यांनी चाळण झालेला. दुसरा वरून चिकट, दोन दिवस पंख्याखाली ठेवूनही बोटाला लागणारा. बाहेर पाऊस, हवा ओली, आणि हे रेझिन हवेला उघड्या असलेल्या पृष्ठभागावर तसंही चिकटच राहतं.

जे चाललं ते लिहितो. साच्यात आधी रेझिनचा पातळ हात ब्रशने कोपऱ्याकोपऱ्यांत फिरवायचा, मग बारीक धारेने एकाच जागेवरून ओतायचं, मग साचा टेबलावर हलके ठोकत राहायचं. ओतून झाल्यावर उघड्या तोंडावर ओएचपीची पारदर्शक शीट दाबून बसवायची. हवा तुटली की पाठ कडक आणि सपाट येते. चिकट निघालेले भाग फेकू नका. थिनरच्या बोळ्याने पुसून वॉटर पेपरवर घासले की कामाचे होतात.

आणि हे मोठ्या अक्षरात वाचा: कोबाल्ट आणि हार्डनर कधीही एकमेकांत थेट मिसळायचे नाहीत, पेट घेतात. आधी कोबाल्ट रेझिनमध्ये पूर्ण घोळवायचं, मग हार्डनर. काम गच्चीत किंवा उघड्या खिडकीशी. घरात वास दोन दिवस राहतो आणि बोलणी त्याहून जास्त.

६ जुलै

वरचं धूड उभं राहिलं. लीच्या वरच्या भागात दोन बाजू सारख्या नाहीत, त्यामुळे एका बाजूचा कागद उलटा करून दुसरी कापता येत नाही. उजवीकडे तोफेची कुशी पुढे आलेली, डावीकडचा तिरका पत्रा तिच्यापेक्षा मागे. बाजूची दारं ठेवली आहेत; नंतरच्या रणगाड्यांत चिलखत कमकुवत होतं म्हणून ती काढून टाकली गेली. यापुढे सांगण्यासारखं काही नाही, कापाकापी सुरळीत झाली.

१३ जुलै

रिव्हेट. खरी परीक्षा इथून.

मूळ एम-३ चं धूड रिव्हेटांनी जोडलेलं. प्रत्येक पत्र्याच्या कडेला रांग, काही ठिकाणी दुहेरी. फोटोंवरून अंदाज घेतला तर १:१६ ला डोकं साधारण दीड मिलिमीटरचं. ते अर्धगोल हवं, सगळी सारखी हवीत आणि रांग सरळ हवी. तिन्ही एकदम जमणं अवघड.

फेविकॉलचे थेंब सुईने टाकले. ओले असताना सुंदर दिसतात, वाळले की बसतात आणि मधोमध खळगा पडतो. मोहरी चिकटवून पाहिली. जवळून पाहिलं तर एक दाणा दुसऱ्यासारखा नाही, आणि प्रायमरखाली काहींची सालं सुटली. खसखस लहान पडते आणि तिचा आकार मुळातच वाकडा. टाचण्यांची डोकी छाटून लावणं सगळ्यात सुबक, पण पुढच्या एका पत्र्यालाच संध्याकाळ संपली आणि पक्कडीतून उडालेलं एक डोकं डोळ्याखाली लागलं. चष्मा न लावता हे करू नका.

१९ जुलै

उत्तर रविवार पेठेत सापडलं. नेल आर्टला आणि रांगोळीच्या सजावटीला लागणारे सपाट तळाचे अर्धे मोती, दीड मिलिमीटरचे. पाकिटात हजारांनी येतात, पाकीट चाळीस रुपयांना. यंत्रावर बनलेले, त्यामुळे एकूण एक सारखे, आणि तळ सपाट असल्याने बसतात जिथल्या तिथे. चकाकीची काळजी नाही, प्रायमरखाली जाते.

२७ जुलै

मोत्यांची पद्धत बसली. आधी पेन्सिलने रेघ, मग कंपासच्या टोकाने ठरावीक अंतरावर टोचे. कंपास उघडून घट्ट केला की अंतर बदलत नाही. टोच्यावर फेविकॉलचा टिपका, अगरबत्तीच्या काडीच्या टोकाला मेण लावून मोती उचलायचा आणि टेकवायचा. फेविक्विक अजिबात नको. त्याची वाफ मोत्याच्या कडेला पांढरी धरते आणि वाकडा बसलेला मोती सरळ करता येत नाही. फेविकॉलात मिनिटभर वेळ मिळतो, तेवढ्यात पट्टी टेकवून अख्खी रांग सरळ करता येते.

सलग तासाभरापेक्षा जास्त बसू नये. पुढे रांग वाकडी जाते आणि आपल्याला सरळच दिसत राहते. दुसऱ्या दिवशी सकाळी उजेडात बघावं, खटकेल ते नखाने काढावं.

एवढे रिव्हेट लावताना आत बसलेल्या माणसांचा विचार येतोच. बाहेरून जोराचा मार बसला की रिव्हेटचा दांडा तुटून आत गोळीसारखा उडायचा, चिलखत फुटलं नसलं तरी. पुढच्या काही प्रकारांत ओतीव आणि वेल्ड केलेली धुडं आली. पण जपान्यांकडे रणगाडाभेदी तोफा थोड्या आणि रणगाडे हलके, म्हणून आफ्रिकेत शर्मन आल्यावर मागे पडलेला हा रणगाडा ब्रह्मदेशात युद्ध संपेपर्यंत कामाला आला. बंकरवर ७५ मिमीचा स्फोटक गोळा, आणि आपलं पायदळ अगदी जवळ पोहोचलं की न फुटणारा भरीव गोळा, म्हणजे आपल्याच माणसांना ठिकऱ्या लागत नाहीत. ही पद्धत आराकानमध्ये २५व्या ड्रॅगून्सनी चांगलीच बसवली होती.

३ ऑगस्ट

टरेट आणि तोफेची कुशी. दोन्ही खऱ्या रणगाड्यात ओतीव, कुठेही सरळ कड नाही. ५ मिमीच्या सनबोर्डाच्या चकत्या एकावर एक चिकटवून ठोकळा केला आणि पॉलिश पेपरने आकार काढला. थरांच्या रेघा कितीही घासल्या तरी जात नाहीत. वरून कारची पुट्टी ओढून पुन्हा घासली तेव्हा गेल्या. ओतीव लोखंडाचा खरखरीतपणा हवा होता, तो पातळ केलेली पुट्टी जुन्या टूथब्रशने ठोकून आणला. जास्त ठोकू नका, नाहीतर टरेटला देवी आल्यासारखं दिसतं. मला अर्धं घासून काढावं लागलं.

७५ मिमीची तोफ हलती ठेवली आहे. खरी डावी-उजवी मिळून सुमारे ३० अंश फिरायची. त्यापलीकडे नेम धरायचा तर अख्खा रणगाडा वळवायचा. सपाट मैदानावर ठीक, पण दोन्ही बाजूंनी उतार असलेल्या डोंगरधारेवर वळवणार कुठे? तिथे ही तोफ फक्त समोरचं बघते.

३७ मिमीच्या नळीसाठी ४ मिमीची ॲल्युमिनियमची नळी. ७५ साठी दोन नळ्या एकात एक.

१७ ऑगस्ट

पट्टे. एका बाजूला ७९ कड्या, प्रत्येकीची लांबी सहा इंच. म्हणजे इथे साडेनऊ मिमीच्या ७९ कड्या आणि पाऊण मीटरचा पट्टा. रबरी ठोकळ्यांचे पट्टे होते, म्हणून खरं रबरच वापरलं. चप्पल दुरुस्त करणाऱ्यांकडे सोलची पातळ शीट मिळते, ऐंशी रुपयांत दोन्ही पट्ट्यांना पुरली. ठोकळे कापून कापडी पट्टीवर रबराच्या सोल्युशनने चिकटवले.

टेबलावर पसरलेला पट्टा झकास दिसत होता. पुढच्या दातेरी चाकावर वळवला आणि ठोकळे एकेक करून उडाले. ठोकळ्यांत फट ठेवली नव्हती. वळताना एकमेकांना ढकलून ते कापडावरून उचलले जातात. काढून, अर्धा मिमी फट ठेवून परत लावले. आता वळतो. तरी वरच्या बाजूला पट्टा ताठ राहतो, खऱ्यासारखा रोलरांमध्ये ओघळत नाही. मग कापडाच्या आतून तांब्याची बारीक तार ओवली आणि हवा तसा बाक दिला.

दातेरी चाकं, १३ दात्यांची, लेझर कटिंगवाल्याकडून ॲक्रिलिकमध्ये. पहिल्या फाइलमध्ये दात्यांचं अंतर जुन्या आखडलेल्या प्रिंटवरून घेतलेलं होतं. मे महिन्यातले चार टक्के ऑगस्टमध्ये पुन्हा भेटले. दोनशे रुपये आणखी. जुने कागद फाडून टाका, ‘असू देत’ म्हणून ठेवू नका.

गणपती येताहेत. टेबल मखराला लागणार, काम बंद.

१४ सप्टेंबर

प्रायमर मारला. करड्या रंगात सगळं एक झाल्यावर पहिल्यांदा रणगाडा दिसला. दोन मोती पडलेले, एक फट उघडी. पुट्टी भरून घेतली.

रंगाबद्दल. अमेरिकन कारखान्यातून ऑलिव्ह ड्रॅब रंगात आलेले रणगाडे आणि ब्रिटिशांनी पूर्वेकडच्या आघाडीसाठी ठरवलेला जंगल ग्रीन, दोन्ही शक्य. काळ्या-पांढऱ्या फोटोवरून हे भांडण मिटत नाही. मी जंगल ग्रीन घेतला. वरच्या सपाट भागांत थोडा पिवळा मिसळून फिकट केला, नाहीतर एवढा मोठा एकरंगी ठोकळा खेळण्यासारखा दिसतो.

२१ सप्टेंबर

पांढरा तारा आणि बी स्क्वॉड्रनचा चौकोन. नंबरप्लेटचं रेडियम कापणाऱ्याकडून स्टेन्सिल कापून घेतलं, साठ रुपये. स्टेन्सिल काढताना खालचा हिरवा रंग प्रायमरसकट उचलला गेला. रेडियमचा गोंद फार तगडा. पुन्हा करताना स्टिकर आधी पँटवर चारदा चिकटवून उचटलं, गोंद मेला, मग लावलं. रंग ब्रशने भरू नका, कडेखाली झिरपतो. स्पंज कोरडा करून टिपत जायचं.

२८ सप्टेंबर

मॅट लॅकर मारलं आणि रणगाड्यावर धुकं उतरलं. पाऊस थांबला म्हणून घाई केली, हवेत ओल होतीच. स्प्रेमधलं सॉल्व्हंट उडताना पृष्ठभाग गार पडतो, हवेतलं पाणी त्यात अडकतं आणि सगळं दुधाळ होतं. घासायला जाऊ नका, मोती जातील. कडक उन्हाचा दिवस बघून त्याच लॅकरचा पातळ हात पुन्हा दिला. आधीचा थर विरघळतो, अडकलेलं पाणी निघून जातं. माझं जवळपास सगळं निघालं. डाव्या दाराच्या कोपऱ्यात डाग राहिला, तो धुळीत झाकेन.

५ ऑक्टोबर

धूळ. इथे बरेच जण घसरतात. ब्रह्मदेशची आघाडी म्हटलं की पट्ट्यांपासून टरेटपर्यंत चिखल थापायचा. पण नुंशिगुम १३ एप्रिलचं, पावसाआधीचं. खाली कोरडी माती, वर बारीक धूळ, बस्स. चिखलच हवा असेल तर कोहिमा करा. तिथे मे महिन्यात पाऊस आणि घसरड्या उतारांनी रणगाड्यांची वाट अडवली होती, आणि १३ मेला १४९ रेजिमेंटचा एक एम-३ कसाबसा डेप्युटी कमिशनरच्या बंगल्याच्या टेनिस कोर्टावर पोहोचला तेव्हा जवळच्या अंतरावरून बंकर फुटले.

पावडरचे रंग विकत घेतले नाहीत. मडक्यांच्या दुकानातली माती आणि काव वस्त्रगाळ करून, कोरड्या ब्रशने.

१२ ऑक्टोबर

बेस. उतार थर्माकोलचा केला, आणि त्यावर थेट प्रायमरचा स्प्रे. थर्माकोल वितळून खड्डे पडले, आतून पोकळ झालेला एक कोपरा बोटाने दाबला तर बोट आत. हे मला ठाऊक नव्हतं असं नाही, किल्ले करताना शेकडो वेळा ऐकलेलं, कंटाळा केला. नवीन थर्माकोलवर वर्तमानपत्राचे तुकडे आणि फेविकॉल, दोन थर, पूर्ण वाळू दिले. त्यावर भुसा, माती आणि फेविकॉलचा लगदा. यावर काहीही मारा, काही होत नाही. गवत नारळाच्या काथ्याचं.

उतार २५ अंशांच्या आसपास ठेवला. रणगाडा घसरायला लागला म्हणून मागच्या दोन चाकांतून बेसपर्यंत स्क्रू घातलेत.

२ नोव्हेंबर

कमांडर. तारेवर एम-सील, कंबरेपासून वर, काळी बेरे टोपी. चेहरा जमत नव्हता तर मान खाली वळवली. सोय म्हणून केलं, पण तेच बरोबर निघालं.

कारण त्या दिवशीची गोष्ट सगळी मान खाली वळवण्याचीच आहे. नुंशिगुमवरून इंफाळचं खोरं दिसतं, आणि तो डोंगर जपानी १५व्या डिव्हिजनच्या हातात गेला होता. विमानांनी आणि तोफांनी भाजून काढल्यावर १७व्या डोग्रा रेजिमेंटची पहिली बटालियन आणि हे रणगाडे चढले. इतक्या खड्या डोंगरावर रणगाडा येईल असं वर बसलेल्यांना वाटलं नसावं. वर धार इतकी चिंचोळी की रणगाडे एकामागे एक. आत बसलेल्या ड्रायव्हरला स्वतःच्या पट्ट्याची कड दिसत नाही. ती बघायची, ‘डावीकडे जरा, बस’ सांगायचं, तर कमांडरने डोकं बाहेर काढल्याशिवाय इलाज नाही. आणि डोकं बाहेर काढलं की रायफलीसमोर. रणगाड्यांचे आणि डोग्रांचे, वर गेलेले सगळे ब्रिटिश अधिकारी मारले गेले किंवा जखमी झाले. मग रणगाडे स्क्वॉड्रन सार्जंट मेजर क्रॅडॉकने हाती घेतले, पायदळ डोग्रांच्या सुभेदारांनी, आणि डोंगर घेतला. थर्ड कॅराबिनियर्सची वारस असलेली रॉयल स्कॉट्स ड्रॅगून गार्ड्स अजून हा दिवस पाळते. त्या दिवशी बी स्क्वॉड्रन अधिकाऱ्यांशिवाय परेड करते.

म्हणून घुमटी काढली होती.

९ नोव्हेंबर

सोसायटीच्या प्रदर्शनात ठेवला. मुलांनी मोती मोजायचा प्रयत्न केला. आमच्या बाजूच्या विंगमध्ये एक निवृत्त रिसालदार राहतात, आयुष्य रणगाड्यांत गेलेलं. बराच वेळ वाकून बघत होते. रिव्हेटांबद्दल काही बोलतील म्हणून मी मोत्यांचं पाकीट काढून ठेवलं होतं.

“हा कमांडर एवढा वर का काढलायस?” म्हणाले. “कंबरेपर्यंत कोणी येत नाही रे. डोळे आणि खांदे, बास.”

मी नुंशिगुम सांगितलं. धार चिंचोळी, ड्रायव्हरला दिसत नाही, कड बघायला वाकावं लागतं.

त्यांनी ऐकून घेतलं. मग बेसकडे बोट केलं. “कुठंय धार? दोन्हीकडं चार-चार बोटं रस्ता सोडलायस. एवढ्या रुंदीत मी झाकण लावून गेलो असतो.”

“मग काय करू काका?”

“रस्ता काप.”

१६ नोव्हेंबर

रणगाडा स्क्रू काढून उतरवला. बेसच्या दोन्ही बाजू हॅक्सॉच्या पात्याने कापल्या. उजवीकडे पट्ट्याच्या बाहेर जेमतेम १० मिमी जमीन ठेवली आहे, डावीकडे १५. कापलेल्या तोंडावर पुन्हा कागद-फेविकॉल, लगदा, काथ्या. बेस अरुंद झाल्यावर हात लागला की सगळं कलंडतं, म्हणून खाली १८ मिमीचा प्लाय आणि त्यात दोन किलोची सळई भरली. प्लाय आणि सळईचे ३२० रुपये.

एकूण खर्च साडेपाच हजारांच्या आसपास गेला. त्यातले हजारभर तरी चुकलेल्या प्रिंटचे, वाया गेलेल्या रेझिनचे आणि वितळलेल्या बेसचे. सिलिकॉनचे साचे शाबूत आहेत, चाकं आणि बोग्या कोणाला हव्या असतील तर रेझिनच्या खर्चात ओतून देईन.

कमांडर खांद्यापर्यंत खाली घेतला नाही. आता त्याच्या नजरेखाली पट्टा, पट्ट्याखाली दहा मिलिमीटर, आणि पुढे उतार. रिसालदार काकांना उद्या दाखवतो.